पाच घरांचे आंबवण

मी एक जुनी काठवट आहे, मित्रांनो. ज्या काचेमागून मी तुमच्याशी बोलते आहे, तिच्याखालच्या पाटीवर माझ्याविषयी 'उत्तम स्थितीत' असे लिहिले आहे. माझ्यावर आजवर पुष्कळ काही लिहिले गेले. त्यातले हे दोन शब्द सर्वांत क्रूर आहेत. पाटी लिहिणाऱ्या बाईंचा त्यात काही दोष नाही. त्या विद्वान आहेत, आणि त्यांनी जे पाहिले ते खरेच लिहिले. मला भेग नाही, कीड नाही, तळाशी डाग नाही. माझी ही उत्तम स्थिती कशी झाली, तेवढे सांगते.

लिंडन नावाच्या झाडाच्या एका बुंध्यातून मला माझ्या मालकिणीच्या, माडलीच्या, बापाने कोरून काढले. तो एस्टोनियातल्या नार्वा शहराच्या पश्चिमेला, आरुसालूच्या जहागिरीवर सालगडी होता. जमीन जहागीरदाराची, जहागीरदार जर्मन, राज्य रशियाच्या झारचे. पाठ तेवढी आपली होती, कारण चाबूक बसायला ती कोणाच्या तरी मालकीची असावी लागते. माडलीचे लग्न हिंद्रेकशी ठरले तेव्हा बापाने मला तिच्या झोळीशेजारी घसरगाडीवर ठेवले आणि म्हणाला, "हिच्यात एकदा तरी स्वतःच्या शेतातली राय मळ. मला नाही जमलं, माझ्या बापालाही नाही."

राय म्हणजे आमच्याकडचे थंडी सोसणारे धान्य. त्याचाच काळा पाव आम्ही जन्मभर खातो. लग्नाच्या दिवशी हिंद्रेकने माडलीला भूर्जांच्या राईमागचा जमिनीचा एक पट्टा बोटाने दाखवला होता. तो जहागीरदाराचा होता, हे दोघांनाही ठाऊक होते. पण बोट दाखवायला मनाई नव्हती. तेव्हापासून माझ्यावर वाकून पीठ मळताना माडलीच्या मनात कायम तोच पट्टा असे. तिच्या तळहातांच्या दाबावरून मला ते कळत असे.

माझ्यात मळलेले सगळे पीठ कधीच काढून घेत नसत. मूठभर गोळा तळाशी ठेवायचा, त्यावर मीठ भुरभुरायचे, बोटाने क्रूस उमटवायचा. आठवड्याने कोमट पाणी ओतले की तो गोळा जागा होतो आणि नव्या पिठाला उचलतो. तुमच्या घरी दुधाला विरजण लावतात, तसेच हे पिठाचे आंबवण. म्हणून काठवट धूत नाहीत. पात्याने खरवडतात, एवढेच. एखादीचे आंबवण मेले तर ती शेजारणीकडे मागायला येते, आणि मागायला आलेलीला नाही म्हणत नाहीत. वैर असले तरी नाही. घेणारीने आभार मात्र मानायचे नाहीत, नाहीतर ते धरत नाही असे म्हणतात.

सालगड्यांच्या लांबट चाळीत पाच बिऱ्हाडे होती, भट्टी एक होती, आणि काठवटी पाच. पलीकडच्या खोलीत त्रूता आणि तिचा नवरा टोनू राहत. त्रूताचे आंबवण आंबट आणि तिची जीभ त्याहून. दोघी बायका भट्टीच्या पाळीवरून भांडत आणि भांडता भांडता एकमेकींचे पाव उलथत.

मग पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, झार गेल्यावर, तो हिवाळा आला, ज्यात एकाच देशावर दोन राज्ये जन्माला आली. एक तालिन्नला, स्वतंत्र एस्टोनियाचे. दुसरे लाल सैन्याच्या पाठोपाठ नार्व्यात: श्रमिकांचे कम्यून. दोघांनीही आम्हाला मुक्त केल्याचे जाहीर केले. एवढ्या मुक्तीची आम्हाला सवय नव्हती, त्यामुळे पुष्कळजण तिच्यातून वाचले नाहीत. इतिहासाच्या जाड ग्रंथांत या कम्यूनला आता अर्धे पान मिळते. त्या अर्ध्या पानात पावाचा उल्लेख नाही.

टोनूला आधीच तालिन्नच्या सैन्याने भरती करून नेले होते. आरुसालूला कम्यून आले ते कुस्तासच्या रूपाने. तो याच चाळीत जन्मलेला, मग नार्व्याच्या कापड गिरणीत वाढलेला. आता कमरेला पिस्तूल आणि 'कमिसार' हे पद घेऊन परतलेला. जहागीरदार पळाला होता. हवेलीच्या स्वयंपाकघरात सभा भरली.

"जमीन कधी वाटतोस?" त्रूताने सुरुवातच तिथून केली.

"जमीन वाटायची नसते, त्रूताताई. वाटली की तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याला एक मालक फुटतो."

"मग मालक व्हायलाच तर बसलोय आम्ही, बाबा. माझ्या आज्यापासून रांग लागलीय."

लोक हसले. कुस्तासही हसला, कारण तो वाईट माणूस नव्हता. त्याने फक्त पुष्कळ पुस्तके घाईत वाचली होती.

"जहागीर आता तुमचीच आहे," तो म्हणाला. "सगळ्यांची मिळून. एक शेत, एक कोठार, एक काम."

"आणि पहाटेची घंटा?"

"ती राहील. कामाला वेळ लागतोच ना."

"वाजवणार कोण?"

"हिंद्रेक. तो मुखत्यार."

"म्हणजे जहागीरदार गेला आणि घंटा राहिली," त्रूता म्हणाली. "जाताना तीच न्यायची होती त्यानं."

मित्रांनो, जगात दुसरीकडे क्रांती झाली तेव्हा निदान चार दिवस तरी जमीन कसणाऱ्याच्या हाती दिली गेली. आमच्या कमिसारांना तेवढाही धीर नव्हता. त्यांना थेट पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जायचे होते. जो भूमिहीन एका पट्ट्यासाठी त्यांच्या बाजूने लढला असता, त्याला त्यांनी एक सिद्धांत दिला.

हिंद्रेकने मात्र तो सिद्धांत मनापासून घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्याला काही विचारले होते. कुस्तास त्याला म्हणाला, भट्टी एकच आहे, मग काठवटी पाच कशाला? हवेलीच्या स्वयंपाकघरात सगळ्यांचा पाव एकत्र होऊ दे. सक्ती नाही, कोणीतरी उदाहरण घालून द्यावे. पाचांत सर्वांत मोठी मी होते. हिंद्रेकने मला खांद्यावर घेतले.

माडली दारात उभी राहिली. "मला विचारलंस?"

"सभेत विचारलं."

"सभेत मी होते?"

"तू पाव भाजत होतीस."

"मग सभेनं काय खाल्लं, तेही सांग."

"अगं, आता कोठारातली राय आपलीच आहे. तुझ्या बापानं सांगितलं होतं ना, स्वतःची राय मळ म्हणून? झालं की."

माडलीने त्याच्याकडे पाहिले. "भूर्जांमागचा पट्टा आपला झाला का?"

"सगळंच आपलं झालं."

"मी पट्ट्याचं विचारतेय."

हिंद्रेक तिला वळसा घालून बाहेर पडला. बाहेर बर्फ पडत होते, आणि मी त्याच्या खांद्यावरून हवेलीत गेले.

तिथे पाचही घरच्या बायकांनी आपापले आंबवण आणून माझ्यात टाकले. काही हौसेने, काही भीतीने. त्रूताने आपला गोळा फेकल्यासारखा टाकला आणि म्हणाली, "घे. आता कुणाच्या पावाला नावं ठेवू मी?" आमच्याकडे दोन घरांचेही आंबवण कधी एकत्र करत नाहीत, एक दुसऱ्याला खाते, असा समज आहे. त्यामुळे सगळ्यांनी अपशकुनाची वाट पाहिली.

पाव उत्तम झाला. उंच फुगला, साल कुरकुरीत, आत ओलसर, चव खोल. मी तोवर पुष्कळ पाव पाहिले होते. असा पाहिला नव्हता. त्या राज्याने केलेल्या सगळ्या एकत्रीकरणांत हे एकच यशस्वी झाले, आणि ते कोणालाही आवडले नाही. लोक चावत चावत एकमेकांकडे पाहत. "यात तिचा हात लागतो जिभेला," असे म्हणत. प्रत्येकाला आपल्या पावात दुसऱ्याचे घर सापडत होते.

आता जे सांगते तेही ऐका, कारण मला कोणाची बाजू घ्यायची नाही. नाताळापूर्वी कम्यूनच्या लोकांनी चर्चला कुलूप घातले, आणि पाणचक्कीच्या म्हाताऱ्या मालकाला पीठ लपवल्याबद्दल रानात नेऊन गोळी घातली. हिंद्रेक बरोबर गेला नव्हता. पण कोठाराची किल्ली त्याच्याकडे होती, पीठ कमी भरते हे त्यानेच कळवले होते, आणि रानातून आवाज आला तेव्हा तो माझ्याशेजारी उभा होता. त्याने हातातला पाव खाली ठेवला नाही. तोंडातला घास मात्र बराच वेळ तसाच राहिला.

नाताळाचा मोठा पाव माडलीने केला. तो सणभर न कापता मेजावर ठेवायचा असतो. नवे वर्ष कसे जाईल ते त्यावर अवलंबून असते म्हणे. तो अजून मेजावर होता तेव्हाच तोफांचा आवाज पश्चिमेकडून जवळ येऊ लागला. तालिन्नचे सैन्य परत येत होते. कुस्तासने घसरगाडी जुंपली.

"चल," तो हिंद्रेकला म्हणाला. "बायकोपोरीला घे आणि चल. ते विचारत बसणार नाहीत."

"कोण ते? टोनू आहे त्यांच्यात. आपलीच पोरं आहेत."

"म्हणूनच सांगतोय."

"मी काय केलंय? घंटा वाजवली."

कुस्तासने माडलीकडे पाहिले. माडली म्हणाली, "मी ज्या पट्ट्यासाठी थांबलेय तो काही घसरगाडीत मावत नाही." कुस्तास गेला. तो पुढे रशियात मोठ्या पदावर चढला, आणि वीस वर्षांनी त्याच्याच लोकांनी त्याला तळघरात नेऊन गोळी घातली. पण ते नंतरचे.

सैनिक आले तेव्हा हवेलीच्या स्वयंपाकघरात लोक जेवायला बसले होते. जेवणाऱ्याच्या घरात शिरताना, किंवा पिठाने भरलेल्या काठवटीजवळून जाताना, आमच्याकडे "पाव पुरो" म्हणतात, आणि जेवणारा उत्तर देतो, "गरज आहेच." दारात आलेला सैनिक कोवळा होता, कुठल्यातरी शेतकऱ्याच्या घरचा. त्याने टोपी काढली आणि सवयीने म्हणाला, "पाव पुरो."

"गरज आहेच," हिंद्रेक म्हणाला.

मग त्या सैनिकाने त्याचे नाव विचारले आणि त्याला उठायला सांगितले.

न्यायालय शेजारच्या भोजनगृहात भरले. दार उघडे होते, आणि माझ्यात आदल्या दिवशीचे पीठ फुगत होते. ते काठापर्यंत येण्याआधी निकाल लागला. पाव ज्याला घाई करू देत नाही, ते काम न्यायाने उरकले. अधिकाऱ्याने चाळीतल्या एकेकीला विचारले. मग त्रूताची पाळी आली. तिचेही आंबवण माझ्यात होते, आणि हे सगळ्यांना ठाऊक होते.

"आम्ही दिलं ते भीतीनं दिलं, साहेब," ती म्हणाली. "काठवट त्यांची. ती त्यानं स्वतः आणली, खांद्यावर घालून. कुणी सांगितलं नव्हतं."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. खोटे बोलून माणूस मारण्याची आमच्याकडे सहसा गरज पडत नाही.

हिंद्रेकला हवेलीच्या बर्फघरामागे नेले. माडली तेव्हा पाव भाजत होती. तिने ते अर्धवट टाकले नाहीत. एकेक उलथला, काढला, फडक्यात गुंडाळला. मग तळाशी मूठभर गोळा ठेवला, मीठ टाकले, क्रूस उमटवला, आणि मला घसरगाडीवर घालून घरी आणले. इतर घरांत त्या दिवशी वेगळीच धावपळ होती. त्रूताने आपल्या घरचे, याच पिठातून पुन्हा लावलेले आंबवण सैनिकांच्या देखत डुकरांपुढे ओतले. बाकीच्यांनीही तसेच केले. 'लाल पीठ' घरात नको होते. त्यामुळे पाच घरांचे आंबवण माझ्या तळाशीच तेवढे उरले.

कम्यून उन्हाळ्यापर्यंत कुठल्याशा सरहद्दीवर कागदोपत्री जगले आणि मग विसर्जित झाले. तालिन्नचे राज्य टिकले, आणि त्याने खरोखरच जहागिरी मोडून जमीन वाटली. कम्यूनला जे करायचे धैर्य झाले नाही ते त्याने केले, हे मला मान्य करावे लागते. आधी सैनिकांना दिली. मग इतर भूमिहीनांना. बर्फघरामागे गेलेल्याच्या विधवेचा अर्ज आमच्या पंचायतीने नम्रपणे परत केला. भूर्जांच्या राईमागचा पट्टा टोनूला मिळाला.

त्या पट्ट्यावरची पहिली राय कापली गेली, झोडली गेली, दळून आली. त्या आठवड्यात त्रूता माडलीच्या दारात उभी राहिली. हातात झाकलेले मडके होते. माडली आणि तिची मुलगी लीसू सूप पीत होत्या.

"पाव पुरो," त्रूता म्हणाली.

माडली म्हणाली, "बोल."

"पलीकडच्या गावातून आंबवण आणलं होतं. दोनदा. धरत नाही. पाव दगड होतो."

"दगडाला काय, पावासारखा कापायचा."

"माडली, पहिल्या पिकाचा पाव आहे. माझ्या आईच्या आंबवणाचा करायचाय मला." त्रूताने मडके पुढे केले, मग मागे घेतले. "नाही म्हणायचं नसतं मागणारीला. आणि माझंही आहे त्यात."

"आहे ना."

"मी त्या दिवशी खोटं काही बोलले नाही."

"मी कुठं म्हटलं?"

"मग देतेस?"

माडली उठली. तिच्या हातांना मी चांगली ओळखत होते, आणि ती मला चुलीजवळ ओढत होती तेव्हा मला वाटले, ती कोमट पाणी घालून आंबवण जागे करणार. तिने उकळते पाणी घेतले. त्यात राखेचा खार टाकला, जो कपडे धुवायला वापरतात. आणि त्रूताच्या देखत, लीसूच्या देखत, मला धुतले. तळ घासला. कोपरे घासले. वासही उरू नये इतके घासले. तिच्या बापाच्या घरचे, चाळीतल्या पाचही चुलींचे, त्रूताच्या आईचे, हिंद्रेकने खांद्यावर आणलेले, त्या राज्यातले एकमेव जे एकत्र येऊन जगले होते, ते राखाडी पाणी होऊन दाराबाहेर चिखलात गेले.

"घे," माडली म्हणाली. "सगळ्यांचं झालं."

त्रूताने रिकाम्या मडक्यावर पुन्हा झाकण ठेवले. मग म्हणाली, "तुझंही गेलं की गं, येडे."

"हो," माडली म्हणाली, आणि खाली बसून गार झालेले सूप पिऊ लागली.

एखाद्या बोधकथेत यानंतर गावावर काही तरी ओढवले असते. काही ओढवले नाही. त्रूता तिसऱ्या गावी गेली, तिथले आंबवण धरले, आणि पहिल्या पिकाचा पाव ठीकठाक झाला. माडलीने मात्र माझ्यात पुन्हा कधी पीठ मळले नाही. ती दुकानातला पाव आणू लागली. मला उलटे करून माळ्यावर ठेवले. धुतलेल्या लाकडाला उंदीर कुरतडत नाहीत, कीड लागत नाही. खाण्यासारखे त्यात काही उरलेले नसते. इतर चार काठवटी ज्या त्या घरात कुजल्या आणि जळणात गेल्या. मी टिकले.

दुसऱ्या महायुद्धानंतर लाल राज्य पुन्हा आले, या वेळी बरीच वर्षे राहायला. ज्यांच्याकडे जमीन होती ते आता शत्रू ठरले. एका मार्च महिन्यात, भर सकाळी, टोनू आणि त्रूताला सैबेरियाला न्यायला ट्रक आला. कारण तोच पट्टा. माडली फडक्यात पाव गुंडाळून लीसूबरोबर रस्त्यावर गेली, आणि लीसूने घरी येऊन नवऱ्याला जे सांगितले ते मी माळ्यावरून ऐकले.

त्रूताने ट्रकमधून पाव घेतला आणि हुंगला. "दुकानातला?"

"दुकानातला."

"आंबवण दिलं असतंस तर."

"तर काय?"

त्रूताने पाव मांडीवर ठेवला. "काही नाही. ट्रक आलाच असता."

दोघी त्यावर हसल्या, असे लीसू म्हणाली. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा. ट्रक गेला, आणि पट्टा सामुदायिक शेतात मिसळला गेला. भूर्जांची राई ट्रॅक्टरला आड येते म्हणून कापली गेली.

मग नव्या राज्याला जुन्या कम्यूनची आठवण झाली. हिंद्रेकचे नाव दगडावर कोरले गेले, पाणचक्कीवाल्याचे अर्थातच नाही. माडली तोवर वारली होती. लीसूने मला संग्रहालयात दिले आणि पाटी लागली: 'पहिल्या कम्यूनची काठवट'. माझ्यात प्लॅस्टरचा पाव ठेवला. ते राज्यही गेल्यावर दगड उखडला आणि पाटी बदलली: 'शेतकरी संस्कृतीचा ठेवा'. आता पाणचक्कीवाल्याचे नाव दगडावर आहे, हिंद्रेकचे अर्थातच नाही. प्लॅस्टरचा पाव मात्र दोन्ही राज्यांनी तोच ठेवला आहे. त्याची चव कोणाच्याच घराची नाही, त्यामुळे त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूने शेवटी एखादी विनंती करावी अशी तुमची अपेक्षा असेल. आम्हाला जपा, स्वच्छ ठेवा, असे काहीसे. मला जपले आहे. मी स्वच्छ आहे. दर सोमवारी एक बाई मऊ फडक्याने माझी धूळ पुसते, आणि माझ्यात काही आंबू नये म्हणून हवाही कोरडी ठेवली जाते. तुमच्या घरी कोणी कधी विरजण मागायला आले तर द्या, असे मी म्हणू शकले असते. पण देऊनही ट्रक यायचा तो येतो, हे मला ठाऊक आहे, आणि तुमच्याशी खोटे बोलण्याचे या वयात मला काही कारण नाही. तरी द्या. त्याने काही वाचेल म्हणून सांगत नाही. न देण्याने काय उरते, ते तुम्ही काचेतून पाहतच आहात.

शाळेची मुले माझ्यासमोर येतात, पाटी वाचतात, पुढे जातात. पूर्वी माझ्याजवळून जाणारा प्रत्येक जण थांबून दोन शब्द बोलत असे. आता कोणी बोलत नाही, आणि त्यांचे बरोबरच आहे. रिकाम्या काठवटीला "पाव पुरो" म्हणत नाहीत.